चिखलात काय कालवायचे? मातीच्या भिंतींच्या प्रयोगांमागचा वाद

नाशिकच्या ‘मातीची गढी’ या जुन्या वस्तीच्या टेकाडावर 1950-51 मध्ये उत्खनन झाले, तेव्हा लक्ष होते खापरांवर आणि थरांच्या क्रमावर. भिंतीचा चिखल कसा मळला असेल, हे करून पाहण्याचा विचार आपल्याकडे बराच नंतर आला. इंग्लंडमध्ये मात्र माती काळाबरोबर कशी बदलते हे पाहण्यासाठी 1960 साली एक मातीचा बांध मुद्दाम घातला गेला. 2, 4, 8 अशा दुपटीने वाढणाऱ्या वर्षांनी, थेट 128 व्या वर्षापर्यंत, तो खणून पाहायचा असे ठरले होते.

आपल्याकडे प्राचीन घरांसारख्या मातीच्या भिंती प्रयोग म्हणून बांधून पाहणाऱ्यांमधला वाद वेगळाच आहे. चिखलात काय कालवायचे? तुसातली सिलिका कुजत नाही, जळलेल्या लिंपणावर काडीचा ठसा राहतो, शेणाच्या खुणाही सूक्ष्मदर्शकाखाली सापडतात. गुळाचे तसे नाही. तो जंतू खाऊन टाकतात. म्हणून एक गट म्हणतो, पुराव्यात आहे तेवढेच घाला. दुसरा म्हणतो, गवंड्यांच्या परंपरेत आहे तेही घाला. पण गूळ, हिरडा, बेलफळ हा मुख्यतः चुन्याच्या कामाचा मसाला. वाड्यांच्या दुरुस्तीतून तो मातीच्या घरांच्या कार्यशाळांत शिरला आणि बघता बघता ‘प्राचीन’ ठरला. वेरूळच्या गिलाव्यात भांगेचे तंतू सापडले, तेव्हाही हेच झाले. ज्यांच्यासारख्या भिंती बांधायच्या ती जोर्वे काळातली (ताम्रपाषाणयुगातली, सुमारे इ.स.पू. 1400 ते 700) घरे त्या गिलाव्याहून हजाराहून अधिक वर्षे जुनी, हे कोण लक्षात घेतो?

अर्थात पहिला गटही धुतल्या तांदळासारखा नाही. इगतपुरी-त्र्यंबककडे भाताचे तूस सहज मिळते म्हणून तेच वापरले जाते. पण पुणे जिल्ह्यातल्या इनामगाव या जोर्वे काळातल्या वस्तीत मुख्य धान्य जव होते. निदान निफाडकडचा गव्हाचा भुसा तरी घ्यावा.

खरी अडचण मातीतच आहे. काळी माती वाळली की भेगाळते, म्हणून भिंतीला आणि धाब्याला, म्हणजे मातीच्या सपाट छपराला, पांढरी माती लागे. ती जुन्या गावठाणाच्या टेकाडावरून खणून आणत: राख, शेण, पडलेल्या भिंतींचा चुरा, मध्येच एखादे खापर. म्हणजे ती खणली की पुरावाच उकरला जातो. शिवाय तिच्यात सेंद्रिय भर आधीचीच असल्याने ‘काहीही न मिसळलेला’ नमुना तिच्यापासून करताच येत नाही. तुलनेसाठी मग नदीकाठची गाळाची माती घ्यावी लागते, आणि तिला भुशाचे प्रमाण पुन्हा नव्याने ठरवावे लागते.