श्रीनगर–लेह हवाई अंतर व उड्डाणवेळ

काश्मीर खोऱ्यातील श्रीनगर व लडाखमधील लेह या दोन विमानतळांमधील सरळ अंतर सु. 255 किमी. (138 सागरी मैल) आहे. झोजी ला व फोटू ला या खिंडींवरून जाणारा रस्ता सु. 420 किमी. भरतो.

सरळ अंतर म्हणजे अक्षांश-रेखांशांवरून काढलेले महावृत्तावरील (पृथ्वीच्या पृष्ठभागावरील सर्वांत जवळच्या मार्गाचे) अंतर. पृथ्वी 6,371 किमी. त्रिज्येचा गोल धरल्यास या पल्ल्यात अर्ध्या किमी.च्या आसपास चूक राहते. दोन ठिकाणांनी पृथ्वीच्या केंद्राशी केलेला कोन लहान असला की त्याची कोज्या (कोसाइन) 1 च्या अगदी जवळ येते व हे अंतर काढण्याच्या कोज्यासूत्रातले महत्त्वाचे अंक गळतात. ते टाळण्यासाठी हॅव्हरसाइन या त्रिकोणमितीय फलाचे सूत्र वापरतात. त्याच्या पहिल्या वापराचे श्रेय गणिताचे इतिहासकार कॅजोरी यांनी स्पॅनिश खगोलज्ञ मेंडोझा इ रिओस (1801) यांना दिले आहे, तर इंग्रजीतील पहिले कोष्टक अँड्र्यू यांचे (1805) मानतात. ‘हॅव्हरसाइन’ ही संज्ञा इंग्रज नौकानयनतज्ज्ञ इनमन यांची (1835). हॅव्हरसाइन हे उत्क्रमज्येचे (1 वजा कोज्या) निमपट असून उत्क्रमज्येचे कोष्टक सूर्यसिद्धांत या प्राचीन ज्योतिषग्रंथात आहे.

ताशी 750 किमी. वेगाने 255 किमी.ला 20 मिनिटे पुरावीत. तरी वेळापत्रकात पाऊण ते एक तास धरावा लागतो. त्यात विमान जागचे हलल्यापासून थांब्यावर उभे राहीपर्यंतचा सारा वेळ येतो. शिवाय मार्गात पुरेशी उंची आधीच गाठावी लागते, कारण 7,135 मी. उंचीचे नुन शिखर सरळ रेषेपासून जेमतेम 10 किमी. दक्षिणेस आहे.

खरी अडचण लेहची. तेथील धावपट्टी सु. 3,256 मी. उंचीवर आहे (श्रीनगरची सु. 1,655 मी.). या उंचीवर प्रमाण तापमान (विमानविद्येत सरासरी म्हणून धरलेले) -6° से. असते. उन्हाळी दुपारी पारा 25° से. झाला, की हवा सु. 4,400 मी. उंचीवरील हवेइतकी विरळ होते. पंखांना तेवढाच उचल मिळण्यासाठी विमानाला जमिनीवर समुद्रसपाटीपेक्षा सु. एकचतुर्थांश जास्त वेग लागतो. इंजिनाचा जोरही घटलेला असतो, त्यामुळे धाव लांबते आणि वजन कमी करण्यासाठी सामान किंवा प्रवासी मागे ठेवावे लागतात. पूर्वेस डोंगर असल्याने विमाने सहसा पश्चिमेकडून उतरतात व पश्चिमेकडेच उडतात; दुपारी दरीतून वर येणारा वारा उतरणाऱ्या विमानाच्या मागून येतो व त्याची धाव लांबवतो. नागरी उड्डाणे मुख्यतः सकाळी असतात ती यामुळेच. लेहला पहिले विमान भारतीय हवाई दलाचे मेहर सिंग यांनी 24 मे 1948 रोजी उतरवले.

मुंबईचा विमानतळ समुद्रसपाटीपासून जेमतेम 12 मी. उंच. तेथून त्याच दिवशी लेहला पोचणाऱ्याने विरळ हवेची शरीराला सवय होण्यासाठी पहिले 24 ते 48 तास विश्रांती घ्यावी. लेहची सकाळची फेरी रद्द झाली, तर दुपारी दुसरी मिळेलच असे नाही. म्हणून परतताना पुढचे मुंबईचे तिकीट वेगळे काढले असल्यास मध्ये एक मोकळा दिवस ठेवावा.