लिलावातला मिलिटरी ट्रक दणके देतोय? पाटे काढण्याआधी काट्यावर जा

शक्तिमान, स्टॅलियन किंवा टाटाची 4×4 एलपीटीए हे लष्करी ट्रक लिलावातून घेतलेले मालक आमच्या वर्कशॉपमध्ये आले की एकच प्रश्न विचारतात: "गाडी फार उडते, मागचे चार-पाच पाटे (लीफ स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) काढले तर चालेल का?" निम्म्या गाड्यांचे पाटे तर आधीच काढलेले असतात आणि ते भंगारातही गेलेले असतात. मग आमचं पहिलं काम ते पाटे परत बनवण्याचं होतं. वेळ तुमचा जातो, पैसेही तुमचेच जातात. म्हणून हे पत्रक.

आधी गाडी का उडते ते पाहू. स्टॅलियन रस्त्यावर 7.5 टन आणि आडरानात 5 टन माल वाहण्यासाठी बनवलेली आहे. तुम्ही तिच्यावर दोन-अडीच टनांची कॅम्पर बॉडी चढवता किंवा नुसती चेसिस पळवता. मागचे पाटे पूर्ण मालाच्या हिशेबाचे असल्यामुळे ते दबतच नाहीत. समजा मागच्या एक्सलवर काट्यावर 3,600 किलो भरले. एक्सल, चाकं आणि ब्रेक मिळून सुमारे 1,000 किलो पाट्यांवर येत नाहीत, म्हणून ते वजा करा. उरले 2,600, म्हणजे एका बाजूला 1,300 किलो. पाट्यांचा सेट 1 मिमी दाबायला 40 किलो लागत असतील, तर तो जेमतेम 32 मिमी दबतो आणि गाडी सेकंदाला पावणेतीन वेळा वर-खाली होते. माणसाला सोसवतं ते दीड ते दोन वेळा. त्यासाठी पाटे 65 मिमीच्या आसपास दबायला हवेत, म्हणजे कडकपणा निम्म्यावर आणायला हवा.

पाटे कमी करणं चूक आहे असं आम्ही म्हणतच नाही. वजन न करता पाटे कमी करणं, हीच ती चूक. बॉडी अर्धवट असताना गाडी मऊ करून घेतली जाते. नंतर 400 लिटरची पाण्याची टाकी, जनरेटर, वरचं कॅरियर चढतं, बहुतेक सगळं एकाच बाजूला. गाडी तिरकी बसते आणि खड्ड्यात एक्सल चेसिसच्या रबरावर आपटतो. तो दणका पहिल्या दणक्यापेक्षा वाईट असतो.

म्हणून काटापावतीशिवाय आम्ही पाट्यांना हात लावत नाही. काही जण यावर चिडतात, तरी नियम तोच आहे. बॉडी पूर्ण करा, टाक्या भरा, नेहमीचं सामान आत ठेवा आणि कोणत्याही धर्मकाट्यावर चार पावत्या करा: पूर्ण गाडी, नुसता पुढचा एक्सल, नुसता मागचा एक्सल आणि एका बाजूची चाकं काट्यावर ठेवून ती बाजू. शेवटची पावती घेताना काट्याबाहेरची जमीन समपातळीत हवी, नाहीतर आकडा फसवतो. दोन बाजूंत 200 किलोंहून जास्त फरक निघाला तर आधी सामान हलवा. पाट्यांनी तोल सावरणं हा शेवटचा उपाय.

कोणते पाटे काढायचे, यातही घोळ होतो. खालचे आखूड पाटे सहज निघतात म्हणून तेच काढले जातात, किंवा मधले सलग तीन. पाट्यांची उतरंड जपावी लागते. प्रत्येक पाटा वरच्यापेक्षा साधारण सारख्याच अंतराने आखूड हवा. मध्ये मोठी पायरी पडली की आखूड पाट्याच्या टोकाशी वरचा पाटा वाकतो आणि बरोबर तिथेच तुटतो. मेन पाटा, म्हणजे सगळ्यात वरचा, आणि त्याला आधार देणारा दुसरा पाटा कधीच काढायचे नाहीत. मधले एकाआड एक काढावेत आणि उरलेल्यांची टोकं गरजेप्रमाणे कापून पायरी सारखी करावी. जाडीकडेही लक्ष ठेवा. कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो, त्यामुळे 12 मिमीचा एक पाटा 10 मिमीच्या पावणेदोन पाट्यांइतका कडक असतो. नुसती संख्या मोजून हिशेब जुळत नाही.

11 मिमीचे पाच पाटे काढले की मागची चेसिस नुसत्या जाडीनेच 55 मिमी खाली येते. तेवढ्या जाडीची स्पेसर प्लेट एक्सलच्या बैठकीवर टाकावी लागते, तिला वरून सेंटर बोल्टच्या (सगळे पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टच्या) डोक्यासाठी भोक आणि खाली बैठकीच्या भोकात बसणारी खुंटी हवी. पाट्यांचा सेट एक्सलला आवळून धरणारे जुने यू बोल्ट परत वापरू नका. एकदा ताणलेले आटे दुसऱ्यांदा तशी पकड देत नाहीत. एक्सल जागेवर धरतो तो यू बोल्टचा आवळ, सेंटर बोल्ट नव्हे. सेंटर बोल्ट वारंवार तुटत असेल तर नवा टाकण्याआधी यू बोल्ट सैल आहेत का ते बघा.

गॅसने तापवून कमान, म्हणजे पाट्याचा बाक, उतरवणे किंवा चढवणे हे काम आम्ही करत नाही आणि कुणाकडून करूनही घेऊ नका. पाट्याचं पोलाद तेलात विझवून, मग परत ठरावीक तापमानाला नेऊन घडवलेलं असतं. टॉर्चची आंच लागली की तेवढा भाग नरम पडतो. महिन्याभरात कमान बसते, नाहीतर पाटा तुटतो. पाट्यावर वेल्डिंगचा एक टिपकासुद्धा नको.

आता जरा आमच्याच धंद्याविरुद्ध. बऱ्याच गाड्यांना पाटे कमी करण्याची गरजच नसते. या गाड्या डेपोत वर्षानुवर्षं उभ्या असतात, पाट्यांमध्ये गंज धरतो आणि अख्खा सेट एकाच जाड पट्टीसारखा वागतो. सेट उघडून, तारेच्या ब्रशने साफ करून, टोकांनी खालच्या-वरच्या पाट्यात पाडलेले खड्डे घासून, ग्रॅफाइट ग्रीस लावून परत बांधला की फरक हाताला जाणवतो. पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या शॅकल पिना जाम झालेल्या असतील तर पाटा लांबूच शकत नाही. ग्रीस मारताना जॅक एक्सलखाली लावू नका, चेसिसखाली लावा. एक्सल लोंबकळला तरच पिनेच्या दाबाच्या बाजूला ग्रीस पोचतं. शक्तिमानचं उत्पादन 1996 मध्ये बंद झालं, त्यामुळे पिनेभोवतीचे बुश दुकानात शोधत बसण्यापेक्षा आम्ही लेथवर गनमेटलचे करून देतो.

टायरमधली हवाही बघा. पूर्ण मालाची हवा भरून रिकामी गाडी पळवली तर कोणतेच पाटे तिला मऊ करू शकणार नाहीत. काटापावतीतला एक्सलचा आकडा घ्या आणि त्या वजनाला किती हवा लागते ते टायर कंपनीच्या तक्त्यात पाहा. तक्त्यातल्या आकड्याच्या खाली मात्र जाऊ नका.

पुढच्या पाट्यांबद्दल आमचं मत ठाम आहे: शक्यतो हात लावू नका. पुढच्या एक्सलवर इंजिन आणि केबिनचं वजन कायम असतं. माल भरला काय, उतरवला काय, तिथे फार फरक पडत नाही, त्यामुळे ते पाटे मुळातच जवळपास बरोबर असतात. ते मऊ केले की ब्रेक मारताना पाटा एस आकारात पिळतो, एक्सल फिरतो आणि स्टिअरिंग एका बाजूला ओढतं. ड्रायव्हरची पाठ दुखत असेल तर केबिनचे माउंटिंग रबर बदला आणि हवेवर चालणारी सीट बसवा. त्यात आम्हाला मिळकत कमी, पण खर्चाच्या मानाने फरक त्यानेच जास्त पडतो. विंच काढला किंवा नवा जड बंपर लावला असेल तरच पुढचा हिशेब नव्याने करू.

मागे शॉकअप हवा का, हेही विचारलं जातं. मूळ सेटमध्ये पाट्यांचं एकमेकांवर घासणंच शॉकअपचं काम करतं. तुम्ही पाटे निम्मे केले, टोकांना नायलॉनच्या पट्ट्या बसवल्या, तर ते घासणं गेलं आणि गाडी झुलायला लागते. अशा वेळी शॉकअप लागतोच, आणि तो शक्य तितका उभा बसवावा. 30 अंश कललेला शॉकअप पाऊण काम करतो, 45 अंशांवर निम्मंच. त्याचा पल्ला एक्सलच्या पूर्ण वर-खाली हालचालीपेक्षा जास्त हवा, नाहीतर खड्ड्यात तोच तुटतो.

ज्या गाडीचं वजन बदलत नाही, उदाहरणार्थ कॅम्पर, तिला दोन-तीन पाट्यांचा पॅराबोलिक सेट उत्तम. पाटे मध्यात जाड, टोकांना पातळ आणि मधल्या भागात एकमेकांना न टेकणारे, म्हणून घासणं जवळपास नाही. या गाड्यांसाठी तो तयार मिळत नाही, तुमच्या काटापावतीवरून करून घ्यावा लागतो, आणि त्याच्याबरोबर शॉकअप आलाच. पाण्याच्या टँकरला मात्र तो घेऊ नका. जाताना भरलेला, येताना रिकामा अशा गाडीला मऊ मेन सेट आणि वर वजन आल्यावरच टेकणारा हेल्पर पाटा, हेच बरं.

मऊ केलेली गाडी पुन्हा पूर्ण मालाला वापरता येणार नाही, हे विकत घेणाऱ्यालाही सांगा. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 मुळे आरसीवरचा तपशील आणि रस्त्यावरची गाडी यांत तफावत चालत नाही. बॉडी बदलली असेल तर आरटीओचे कागद आधी पूर्ण करा.

येताना चारही पावत्या, टायरचा साइज आणि काढून ठेवलेले पाटे असतील तर तेही आणा, गंजलेले असले तरी. तपासणीचे पैसे काम दिलं तर बिलातून वजा होतात. काम झाल्यावर 100 किलोमीटर चालवून परत या. नवे पाटे एकमेकांवर बसतात तसे यू बोल्ट सैल होतात, ते टॉर्क रेंचने पुन्हा आवळावे लागतात. त्याचे पैसे नाहीत. त्यासाठी अर्धा तास लागतो, आणि गाडी भरलेलीच आणायची.