पार्श्वभूमी: व्यसनाच्या कादंबरीचा दुसरा भाग तुरुंगाच्या फाटकापाशी का सुरू होतो

अमेरिकेतल्या अर्बन फिक्शनमध्ये, म्हणजे शहरातल्या कृष्णवर्णीय वस्त्यांमधलं रस्त्यावरचं जगणं मांडणाऱ्या कादंबऱ्यांत, दुसऱ्या भागाची सुरुवात अनेकदा सुटकेच्या दिवसानं होते. नायिका काही वर्षं आत काढून आलेली असते, नशा सुटलेली असते. मग बघता बघता ती त्याच गल्लीत, त्याच पाइपपाशी येऊन पोचते. लेखकानं पहिल्या भागाचं कथानक पुन्हा चालवलं, अशी वाचकांची तक्रार असते. या रचनेत कायद्याचा हात किती आहे हे पाहिलं की ती तक्रार मला पटत नाही.

या साहित्याची पहिली लाट 1970 च्या आसपासची. डेट्रॉइटच्या एका लेखकानं मिशिगनच्या तुरुंगात लिहायला घेतलं, 1971 मध्ये हेरॉइनवरची त्याची कादंबरी लॉस एंजेलिसच्या प्रकाशकानं काढली आणि 1974 मध्ये त्याचा खून झाला. एवढ्या अवधीत त्यानं पंधराएक कादंबऱ्या लिहिल्या, त्याही स्वतः हेरॉइनच्या विळख्यात असताना. त्या काळाबद्दल इतकं पुरे. आज वाचली जाणारी व्यसनाची गोष्ट घडवली ती क्रॅकनं, म्हणजे पाइपमधून ओढायच्या कोकेननं, आणि क्रॅकपेक्षाही जास्त 1986 च्या एका निर्णयानं.

त्या वर्षी जूनमध्ये, व्यावसायिक संघानं निवड केल्यानंतर दोनच दिवसांत, मेरिलँडचा एक तरुण बास्केटबॉलपटू कोकेननं दगावला. ते कोकेन पावडरच्या रूपातलं होतं. पण देशभर चर्चा पेटली ती क्रॅकची. नोव्हेंबरच्या निवडणुका तोंडावर होत्या, त्यामुळे नेहमीच्या सुनावण्यांना फाटा देऊन अमली पदार्थांच्या शिक्षांचं विधेयक पुढे रेटलं गेलं. सारख्याच शिक्षेसाठी पावडर आणि क्रॅकच्या वजनाचं प्रमाण 20 ला 1, 50 ला 1 ठेवावं असे प्रस्ताव समोर होते. कायद्यात आलं ते 100 ला 1. म्हणजे 500 ग्रॅम कोकेन पावडर विकणाऱ्याला जी किमान पाच वर्षांची सक्तीची शिक्षा, तीच 5 ग्रॅम क्रॅकला. चहाच्या चमचाभर साखरेइतकं वजन! 50 ग्रॅमला किमान दहा वर्षं. 1988 मध्ये तर विक्रीचा पुरावा नसला, नुसतं 5 ग्रॅम क्रॅक जवळ सापडलं, तरी पाच वर्षं ठरली.

दोन्ही पदार्थ मुळात एकच. पावडर खाण्याच्या सोड्यात शिजवली की क्रॅक होतं. ते ओढल्यावर नशा झपाट्यानं चढते हे खरं, पण त्यातून शंभरपटीचं समर्थन कधीच निघालं नाही. संघराज्याच्या न्यायालयांत क्रॅकखाली शिक्षा झालेल्यांत कृष्णवर्णीय 80 टक्क्यांहून अधिक होते. 1995 मध्ये शिक्षांचे निकष ठरवणाऱ्या सरकारी आयोगानंच हा फरक काढून टाका असं सुचवलं. काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, ते फेटाळलं. जाणूनबुजून केलेला अन्याय म्हणायचा तर हाच.

आणि सुटल्यावर? 1994 मध्ये कैद्यांचं शिक्षण अनुदान बंद झालं. 1996 च्या कायद्यानं अमली पदार्थांच्या गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांना अन्नकुपनं आणि रोख मदत आयुष्यभरासाठी नाकारली. त्यातून सूट द्यायची की नाही हे राज्यांवर सोडलं. सरकारी घरांत एकाच्या नशेपायी सगळ्या कुटुंबाला बाहेर काढता येऊ लागलं, आणि 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं: नातवंडाच्या भानगडीची आजीला कल्पना नसली तरी तिचं घर जाऊ शकतं. दुसऱ्या भागातली नायिका आईकडे न जाता जुन्या मैत्रिणीच्या सोफ्यावर का झोपते, याचं उत्तर इथं आहे. ती मैत्रीण अजून ओढत असते.

1999 नंतर ही पुस्तकं न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या 125व्या रस्त्यावर टेबलं मांडून, गाडीच्या डिकीतून विकली जाऊ लागली. लिहिणाऱ्यांत स्वतः शिक्षा भोगलेले बरेच होते. ओहायोतल्या कोलंबसमध्ये तुरुंगातून सुटून आलेल्या एका बाईनं आपलं पुस्तक स्वतःच काढलं आणि त्यातून प्रकाशनसंस्था उभी केली.

घसरण्याच्या प्रसंगाला वैद्यकशास्त्राचाही आधार आहे. व्यसनात उपचारांनंतर पुन्हा घसरण्याचं प्रमाण 40 ते 60 टक्के, साधारण दमा किंवा रक्तदाबाच्या रुग्णांइतकंच, असं 2000 मध्ये मांडलं गेलं. वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या कैद्यांच्या 2007 च्या अभ्यासात तर पहिल्या दोन आठवड्यांत अतिमात्रेनं मरण्याचा धोका इतर रहिवाशांच्या 129 पट निघाला. आत असताना शरीराची सवय मोडते, आणि बाहेर आल्यावर माणूस जुन्याच मापानं घेतो. या कादंबऱ्यांतली सुटकेनंतरची पहिली प्रकरणं मला इतकी जीवघेणी वाटतात ती म्हणूनच.

पुढे ओपिऑइडचं, म्हणजे हेरॉइन आणि त्याच जातीच्या वेदनाशामक गोळ्यांचं, संकट गोऱ्या वस्त्यांत पोचलं आणि व्यसन हा आजार आहे ही भाषा राजकारण्यांच्या तोंडी रुळली. क्रॅकच्या काळात ती त्यांच्याकडून क्वचितच ऐकू आली होती. 2010 मध्ये प्रमाण 18 ला 1 वर आलं, 2018 मध्ये ते जुन्या कैद्यांनाही लागू झालं. 1999 च्या एका गाजलेल्या कादंबरीतली नायिका पंधरा वर्षांच्या सक्तीच्या शिक्षेवर गेली होती. तिच्या सुटकेची कथा वाचकांच्या हाती यायला 2021 उजाडलं. त्याच वर्षी संसदेच्या प्रतिनिधिगृहानं दोन्ही कोकेनना सारखी शिक्षा देणारं विधेयक मंजूर केलं. दुसऱ्या सभागृहात, सिनेटमध्ये, ते अडकलं.