तलावातला गाळ शेतात न्यायचाय? पात्रता, कागदपत्रे आणि मोजमाप

उताराच्या बरड रानात नांगर घातला की चार बोटांवर मुरूम लागतो. त्याच रानातली माती पावसाने धुऊन नेलेली असते आणि खालच्या पाझर तलावात फूट-दोन फूट साचून बसलेली असते. ती परत वर आणायची, आणि वाहतुकीचा बराचसा खर्च सरकारकडून घ्यायचा, अशी सोय महाराष्ट्रात आहे. नाव बहुतेकांनी ऐकलेले असते: ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’. मे २०१७ मध्ये ही योजना पहिल्यांदा आली, तेव्हा वाहतूक शेतकऱ्याच्याच माथी होती. मृद व जलसंधारण विभागाने १६ जानेवारी २०२३ च्या निर्णयाने ती नव्याने सुरू केली आणि त्यात लहान शेतकऱ्यांना गाळ वाहून नेण्यासाठी अनुदान ठेवले. खालचे दर त्या २०२३ च्या निर्णयातले आहेत. अर्ज भरताना चालू वर्षाचा निर्णय कार्यालयात मागून वाचा.

नाव माहीत असूनही पैसे अडकतात, कारण आपल्याकडे आधी ट्रॉली हलते आणि मग कागद शोधले जातात. ही माहिती म्हणूनच उलट्या क्रमाने लिहिली आहे: आधी कागद, मग मोजमाप, मग गाळ.

पैसे कोणाला, किती

खर्चाचे दोन भाग आहेत. तलावात यंत्र लावून गाळ काढणे हा पहिला. तो नेमलेल्या अशासकीय संस्थेमार्फत होतो आणि यंत्र व इंधनासाठी संस्थेला घनमीटरमागे ३१ रुपये मिळतात. म्हणजे पोकलेनने ट्रॉली भरून देण्याचे वेगळे पैसे पात्र शेतकऱ्याने मोजायचे नसतात. ‘भरणीचे तेवढे द्या’ असे कोणी म्हणाले, तर पावती मागा. बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो.

दुसरा भाग गाळ शेतापर्यंत नेऊन पसरवण्याचा. तो शेतकऱ्याने आधी स्वतः करायचा, पैसे मागाहून खात्यात येतात. दर घनमीटरला ३५ रुपये ७५ पैसे, एकरी ४०० घनमीटरपर्यंत, एकरी कमाल १५,००० रुपये आणि जास्तीत जास्त अडीच एकरांसाठी. ३७,५०० हा आकडा जिथे तिथे छापलेला दिसतो, तो या कमाल मर्यादेचा. गणित करून बघा: अडीच एकरांत हजार घनमीटर गाळ टाकला, तर दराप्रमाणे ३५,७५० रुपयेच होतात. अनुदान मोजलेल्या गाळावर मिळते, छापील मर्यादेवर नाही.

पात्रता सोपी आहे. एक हेक्टरपर्यंत जमीन असलेला अत्यल्पभूधारक आणि एक ते दोन हेक्टरवाला अल्पभूधारक. विधवा शेतकरी, दिव्यांग शेतकरी आणि आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबातले शेतकरी यांना मात्र क्षेत्राची ही अट आड येत नाही, जमीन दोन हेक्टरांवर असली तरी ते पात्र ठरतात. बाकीच्या मोठ्या खातेदारांनाही गाळ नेता येतो, फक्त वाहतुकीचा खर्च त्यांचा त्यांनी सोसायचा.

क्षेत्र मोजताना एका सातबाऱ्यावर जाऊ नका. आठ-अ चा उतारा बघा, कारण खात्यावरच्या सगळ्या गटांची बेरीज तिथे असते. शेजारच्या गावात वडिलोपार्जित तुकडा असेल, तर तिथला आठ-अ वेगळा निघतो आणि तोही मोजला जातो. सामाईक खात्यात घोळ जास्त होतो. चार भावांच्या नावे साडेतीन हेक्टर असेल, तर कागदावर ते मोठे खाते दिसते, प्रत्यक्षात प्रत्येकाच्या वाट्याला हेक्टरभरही येत नाही. वाटणी झाली असेल, तर फेरफार नोंदवून स्वतंत्र सातबारा करून घ्या. ते काम मार्च-एप्रिलच्या घाईत होत नाही, दिवाळीनंतरच हाती घ्यावे लागते.

कागदपत्रांची पिशवी

चालू सातबारा आणि आठ-अ, दोन्ही डिजिटल सहीचे. महाभूमीच्या संकेतस्थळावर सातबारा १५ रुपयांत निघतो आणि त्यावर कोणाच्या शिक्क्याची गरज नसते. आधार कार्ड. आधारशी जोडलेल्या बँक खात्याच्या पासबुकाचे पहिले पान. इथे एक गोष्ट तपासाच: सातबाऱ्यावर, आधारवर आणि पासबुकावर नाव अक्षर न् अक्षर सारखे आहे का? एकीकडे ‘बाई’ आणि दुसरीकडे ‘ताई’ एवढ्या फरकावर पैसे परत गेलेले मी पाहिले आहेत. ज्या काकूंचे गेले, त्यांना ते आठ महिन्यांनी कळले, तेही दुसऱ्याच कामासाठी बँकेत गेल्या म्हणून.

जमीन सामाईक असेल तर सहहिस्सेदारांचे संमतीपत्र लागते. खातेदार वारला असेल आणि वारसनोंद राहिली असेल, तर आधी ती. अल्पभूधारक असल्याचा तहसीलचा दाखला काही ठिकाणी मागतात, काही ठिकाणी आठ-अ वर भागते. एकदा काढून ठेवला तर इतर योजनांनाही चालतो. विधवा शेतकऱ्यांनी पतीचा मृत्यू दाखला जोडायचा, दिव्यांगांनी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र. आत्महत्याग्रस्त कुटुंबाचे प्रकरण जिल्हा समितीने पात्र ठरवल्याचे पत्र असते, त्याची प्रत लावायची. कृषी विभागाच्या योजनांना एप्रिल २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांक लागतो. गाळाची योजना मृद व जलसंधारण विभागाची असली तरी तो क्रमांक हाताशी ठेवलेला बरा.

आणि एक साधा मागणी अर्ज: नाव, गट क्रमांक, किती क्षेत्रात गाळ टाकणार, कोणत्या तलावातून, अंदाजे किती घनमीटर. अर्ज दोन प्रतींत करा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व तारीख घ्या. पोच नसलेला अर्ज कार्यालयाच्या लेखी दिलेलाच नसतो.

अर्ज कुठे द्यायचा

आधी तलाव कोणाचा हे विचारा. साधारण शंभर हेक्टरांपर्यंत सिंचन करणारे लहान तलाव जिल्हा परिषदेकडे असतात, त्यावरचे सहाशे हेक्टरांपर्यंतचे मृद व जलसंधारण विभागाकडे आणि मोठी धरणे जलसंपदा विभागाकडे. गाळ काढायच्या तलावांची यादी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती मंजूर करते. तुमचा तलाव यादीत नसेल, तर एकट्याच्या अर्जाने यंत्र येत नाही. ग्रामसभेचा ठराव लागतो, आणि त्यासोबत गाळ नेऊ इच्छिणाऱ्या शेतकऱ्यांची क्षेत्रासह यादी जोडली की प्रस्तावाला वजन येते. यंत्र उभे करून ट्रॉल्यांची वाट बघणे कोणत्याच संस्थेला परवडत नाही, म्हणून जिथे घेणारे जास्त तिथे यंत्र आधी पोचते. २६ जानेवारीची ग्रामसभा यासाठी उत्तम. पाणी अजून तलावात असते आणि आटेपर्यंत मंजुरीला वेळ मिळतो.

तलाव यादीत असेल, तर अर्ज ग्रामपंचायतीमार्फत किंवा काम घेतलेल्या संस्थेकडे द्यायचा. गावातले पहिले दोन दरवाजे म्हणजे ग्रामपंचायत अधिकारी आणि ग्राम महसूल अधिकारी. (आपले जुने ग्रामसेवक आणि तलाठी. पदांची नावे २०२४ मध्ये बदलली, खुर्च्या त्याच आहेत.) तालुक्याच्या ठिकाणी मृद व जलसंधारणाचे उपविभागीय कार्यालय आणि वर जिल्हा जलसंधारण अधिकारी.

गाळ फुकटचा असला तरी त्याला नियम आहेत. तो शेतातच टाकायचा, विकायचा नाही, वीटभट्टीला द्यायचा नाही. वाळू लागली तर उपसा तिथेच थांबवायचा. भिंतीलगत खोदायचे नाही आणि मूळ तळाच्या खाली जायचे नाही, कारण तळाचा घट्ट थर फोडला तर पुढच्या वर्षी तलावात पाणीच ठरत नाही, आणि शिव्या गाळ नेणाऱ्यांनाच बसतात.

मोजमाप: भांडण इथे होते

गावात हिशेब ब्रासचा, कार्यालयात घनमीटरचा. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. ट्रॉलीची लांबी, रुंदी आणि उंची फुटांत मोजून गुणा आणि शंभरने भागा, ब्रास निघतात. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, पावणेदोन फूट उंच ट्रॉली काठोकाठ भरली तर १०५ घनफूट, म्हणजे जेमतेम तीन घनमीटर. एकराला ४०० घनमीटर टाकायचे तर अशा सुमारे १३५ खेपा होतात. ब्रासमागे अनुदान साधारण १०१ रुपये पडते. तलाव शेतापासून किती लांब आहे आणि ट्रॉलीवाला खेपेला काय घेतो, हे या आकड्याशेजारी मांडले की खिशातून किती घालावे लागेल ते लगेच दिसते. एक-दोन किलोमीटरच्या आत असेल तर सौदा जमतो. त्यापुढे अडीच एकरांचा हट्ट सोडून सगळ्यात हलक्या एका एकरातच गाळ टाकावा, असे माझे मत.

पहिल्या दिवशी संस्थेच्या माणसासमोर तुमची ट्रॉली मोजून घ्या आणि आकडा नोंदवहीत लिहायला लावा. रोजच्या खेपा, वाहन क्रमांक आणि गट क्रमांक त्याच वहीत, खाली तुमची सही. स्वतःकडेही एक वही ठेवा. काम सुरू होण्याआधी, गाळाचे ढीग पडल्यावर आणि पसरल्यावर, असे तीन वेळा शेताचे फोटो काढा आणि मोबाइलचे लोकेशन चालू ठेवा, म्हणजे जागा आणि तारीख फोटोतच येते. तपासणीला माणूस जुलैत आला आणि रानात सोयाबीन उगवलेले असले, तर हे फोटो आणि वही एवढाच पुरावा उरतो.

प्रत्येक गाळ घ्यावा असा नसतो

एकरी ४०० घनमीटर म्हणजे सबंध एकरावर सुमारे दहा सेंटिमीटरचा, चार बोटांहून थोडा जाड थर. हलक्या, मुरमाड रानाला तो मानवतो. बारीक कणांमुळे ओल धरून राहते आणि पावसाने उघडीप दिली तरी पीक तग धरते. आधीच काळ्या, खोल, चिकट रानात मात्र हा थर टाकू नका. निचरा बिघडतो आणि पावसाळ्यात पीक पिवळे पडते. अनुदान आहे म्हणून काळ्या रानात गाळ ओतणारे दर वर्षी दोन-चार भेटतातच.

तलावाच्या कोरड्या तळावर पांढरा फेस किंवा मिठासारखी पापडी दिसली, तर गाळ तपासल्याशिवाय उचलू नका. चार-पाच ठिकाणचा मिळून अर्धा किलो गाळ माती परीक्षण प्रयोगशाळेत द्या. सामू (पीएच) साडेआठच्या वर किंवा क्षारता (अहवालातला ‘ईसी’चा आकडा) एकच्या वर आली, तर तो गाळ तुमच्या रानाला चोपण, म्हणजे खारवट आणि निचरा न होणारे, करू शकतो. त्याच खेपेत शेतातल्या मातीचाही नमुना द्या. मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटक असतात. त्यातला सेंद्रिय कर्ब बघून शेणखताचे ठरवा, कारण गाळाने ओल वाढते, पण तो शेणखताची जागा घेत नाही. ढेकळे उन्हात तापून फुटू द्यायची, मग पाळी घालून वरच्या मातीत मिसळायचे. खोल नांगरट करून गाळ खाली गाडू नये.

बांधाचा विषय कोणत्याच अर्जात नसतो, म्हणून इथे लिहितो. शेताला उतार असेल आणि बांध फुटलेला असेल, तर आणलेला गाळ दोन पावसाळ्यांत परत तलावात जातो. बांधबंदिस्ती आधी. जॉब कार्ड असलेल्या अल्पभूधारकाला स्वतःच्या शेतातले हे काम रोजगार हमीतून घेता येते. त्यासाठी ग्रामसभेच्या आराखड्यात नाव यावे लागते, म्हणजे पुन्हा ग्रामसभाच. एका ठरावात तलाव आणि दुसऱ्यात बांध, दोन्ही विषय एकदमच मांडा.

पैसे आले नाहीत तर

काम संपल्यावर नोंदवही, ग्रामपंचायतीची खातरजमा आणि फोटो यांवरून प्रस्ताव वर जातो आणि रक्कम थेट खात्यात येते. पावसाळा उलटला तरी आली नाही, तर तोंडी चौकशीत वेळ घालवू नका. पोच असलेल्या अर्जाचा क्रमांक लिहून जिल्हा जलसंधारण अधिकाऱ्यांना लेखी विचारा: प्रस्ताव पाठवला का, कोणत्या तारखेला, त्रुटी कोणती. तरीही उत्तर नाही, तर जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तिथे अर्ज द्या.

रान सुधारल्यानंतरचे एक काम बहुतेक जण विसरतात. सातबाऱ्यावर काही क्षेत्र ‘पोटखराब’ म्हणून पडलेले असते. त्यातल्या वर्ग ‘अ’ चे, म्हणजे खडकाळ किंवा नापीक म्हणून लागवडीबाहेर ठेवलेले क्षेत्र तुम्ही वहितीत आणले असेल, तर ते लागवडीयोग्य म्हणून नोंदवता येते. वर्ग ‘ब’, म्हणजे रस्ता, नाला, स्मशान यांसारख्या सार्वजनिक वापराची जागा, बदलत नाही. अर्ज ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे द्यायचा. जागेची पाहणी होते, मंजुरी वरून येते आणि त्या क्षेत्राला आकारणी लागते. आकारणीची रक्कम किरकोळ असते. पोटखराब क्षेत्रावर मात्र पीक कर्ज आणि पीक विमा मिळताना अडचण येते, म्हणून गाळ टाकलेल्या तुकड्यात पहिले पीक उभे असतानाच पाहणी करून घ्या.