सॉनेव्हेल्ट, विम

सॉनेव्हेल्ट, विम : (२८ जून १९१७ – ८ मार्च १९७४). डच विनोदी नट, गायक व चित्रपट-अभिनेता. मूळ नाव विलेम. जन्म उत्रेख्त येथे. आई लहानपणीच वारली. विम कान व टून हेर्मान्स यांच्याबरोबर युद्धोत्तर डच कॅबरेच्या ‘तीन थोरां’त त्याची गणना होते. हा कॅबरे म्हणजे हिंदी चित्रपटांतले क्लबनृत्य नव्हे. गाणी, स्वगते व प्रहसने यांनी बांधलेला तो रंगमंचीय प्रयोग असतो आणि त्यात शब्दांना नाचापेक्षा अधिक मान असतो.

या प्रकाराच्या नेदरलँड्समधील उगमाविषयी मतभेद आहेत. एडवार्ड याकोप्स याने १८९५ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या ‘डे पैप’ वस्तीत पियानोवर बसून पॅरिसच्या धर्तीची गाणी म्हणायला सुरुवात केली. तोच आरंभ, असे बहुतेक संदर्भग्रंथ धरतात. काही अभ्यासक मात्र हा मान पत्रकार झां-लुई पिस्विस (१८८०–१९२७) याला देतात. याकोप्सची गाणी एका छोट्या खोलीपुरती होती, त्या कलेला प्रतिष्ठित प्रेक्षकांपुढे नेले ते पिस्विसने, असा त्यांचा युक्तिवाद आहे. कालक्रमाचा विचार करता पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. सॉनेव्हेल्टची परंपरा मात्र या दोघांपेक्षा लुई डाव्हिड्सशी (१८८३–१९३९) जवळची आहे. डाव्हिड्स हा रॉटरडॅमच्या जत्रेत खेळ करणाऱ्या ज्यू कुटुंबातला; तिथून तो रिव्ह्यू (गाणी, नाच व प्रहसने यांचा रंगमंचीय खेळ) व कॅबरेकडे आला. १९३०–४० च्या दशकाच्या मध्यास सॉनेव्हेल्ट त्याच्याकडे कार्यालयीन मदतनीस म्हणून लागला आणि तिथेच रंगमंचाच्या संपर्कात आला. युद्धापूर्वी काही काळ तो फ्रान्समध्ये राहिला. फ्रेंच गीतपरंपरेची छाप त्याच्या गायनावर अखेरपर्यंत दिसते.

त्याने स्वतःची मंडळी १९४३ मध्ये, म्हणजे नेदरलँड्स जर्मनांच्या ताब्यात असताना, उभी केली. ‘कुल्टुरकामर’ या नाझीपुरस्कृत संस्थेच्या सदस्यत्वाशिवाय त्या वेळी जाहीर प्रयोग करता येत नसे. त्यामुळे या काळात जाहीर प्रयोग करणाऱ्या डच कलावंतांच्या कामाकडे नंतर सावधपणे पाहिले गेले. (विम कान त्या वेळी जपान्यांच्या कैदेत ब्रह्मदेशाच्या रेल्वेमार्गावर होता, दोघांची तुलना करताना हे विसरले जाते.) पुढे कादंबरीकार म्हणून नावाजलेल्या हेला हासे हिने या मंडळीसाठी संहिता लिहिल्या. युद्धानंतर आनी एम. जी. श्मिट हिने त्याच्यासाठी लेखन केले, तर कॉनी स्टुअर्ट, हेटी ब्लोक व आल्बर्ट मोल हे नट त्याच्याबरोबर गाजले. स्वतः लिहिण्यापेक्षा दुसऱ्याचे लिहिलेले आपले करून सादर करणे, हेच त्याचे बळ होते.

विलेम पारेल हा रस्त्यावर चाक फिरवून ऑर्गन वाजवणारा बडबड्या ॲम्स्टरडॅमकर त्याने रेडिओवर उभा केला. संहिता एली आसेर याची. हे पात्र इतके लोकप्रिय झाले की नटालाच त्याचा जाच वाटू लागला. गेरार्ड रुटेन दिग्दर्शित १९५५ च्या चित्रपटाचे कथाबीज हेच आहे : पारेलला कंटाळलेल्या सॉनेव्हेल्टपासून पारेल सुटा होतो आणि स्वतंत्रपणे वावरू लागतो. १९५७ मध्ये रूबेन मामुलियन याच्या ‘सिल्क स्टॉकिंग्ज’ या हॉलिवूडपटात फ्रेड अस्टेर व सिड चरीस यांच्यासमवेत त्याने बोरोफ या सोव्हिएत संगीतकाराची भूमिका केली. अमेरिकेत मात्र तो स्थिरावला नाही. १९६० मध्ये ‘माय फेअर लेडी’ या संगीतिकेच्या डच प्रयोगात तो प्राध्यापक हिगिन्स झाला. ‘ऑप डे हॉलंडसे टूर’ (१९७३) हा त्याचा उत्तरकालीन चित्रपट. एकूण पाहता त्याची चित्रपटकारकीर्द रंगमंचाच्या तुलनेत फिकी आहे.

साठच्या दशकात तो बव्हंशी एकपात्री प्रयोगांकडे वळला. हेर्मान्स या वाटेने त्याच्या आधी गेला होता. संन्यासी फ्रातेर व्हेनान्टियस व रस्त्यावरचा गायक निकेलेन नेलिस ही या काळातली पात्रे. ‘हेट डॉर्प’ (खेडे) हे गीतही याच काळातले (१९६५). जुन्या पोस्टकार्डावरचे चर्च, घोडागाडी व खाटकाचे दुकान यांतून हरवत चाललेल्या गावाची आठवण त्यात येते. श्रोत्यांनी हे सॉनेव्हेल्टचे स्वतःचे बालपण मानले. पण तो वाढला शहरात. चाल झां फेरा याच्या ‘ला मोंतान्य’ या फ्रेंच गीताची आहे. शब्द ‘हुगो व्हेर्हाखे’ या नावाने प्रसिद्ध झाले. हे टोपणनाव फ्रीसो व्हीगर्स्मा (१९२५–२००६) याचे. तो वेशभूषाकार, चित्रकार व सॉनेव्हेल्टचा सहचर होता. त्यामुळे गीतातले गाव म्हणजे व्हीगर्स्माचे ब्राबांटमधील डर्ने, ही मांडणी सबळ ठरते. त्याचे वडील तेथे डॉक्टर व चित्रकार होते. सॉनेव्हेल्टने आपल्या समलिंगी नात्याविषयी जाहीरपणे बोलणे टाळले, हेही गीताचे खरे कर्तृत्व उशिरा कळण्याचे एक कारण असावे.

हृदयविकाराच्या झटक्याने तो ॲम्स्टरडॅम येथे निवर्तला. ‘हेट डॉर्प’ला मोठी लोकप्रियता मिळाली ती त्यानंतरच. ॲम्स्टरडॅमच्या क्लाइनकुन्स्ट (कॅबरेसारख्या छोट्या रंगमंचीय कला) महोत्सवातले एक पारितोषिक त्याच्या नावाने दिले जाते.