कुत्रा पाळीव की भटका? तक्रार कुठे करायची, कागद कोणते लागतात

सकाळी साडेसहाला पेपर टाकायला आलेल्या मुलाच्या पोटरीला आमच्याच इमारतीतला कुत्रा चावला. दार अर्धवट उघडं होतं. गळ्यात पट्टा होता, पण साखळी कुणाच्याच हातात नव्हती. सोसायटीचा सचिव मी, म्हणून मुलाला घेऊन दवाखान्यात मीच गेलो. केसपेपर काढणाऱ्यानं विचारलं, काय झालं? मुलगा म्हणाला, कुत्रा चावला. कागदावर लिहिलं गेलं, ‘भटका कुत्रा’. दुपारी पोलीस ठाण्यात तो कागद दाखवला, तर हवालदार म्हणाले, भटका आहे ना, मग महापालिकेत जा.

कुत्र्याला मालक असेल तर रस्ता पोलीस ठाण्याचा, नसेल तर महापालिकेचा, नगरपरिषदेचा किंवा ग्रामपंचायतीचा. अर्ज चुकीच्या टेबलावर गेला की फिरत राहतो. म्हणून दवाखान्यातच सांगा: पाळीव कुत्रा, मालक अमुक, राहणार अमुक. आमच्या केसपेपरवर डॉक्टरांनी नंतर ‘भटका’वर एक रेघ मारली, शेजारी ‘रुग्णाच्या सांगण्यानुसार पाळीव’ असं लिहिलं आणि खाली तारखेसह सही केली. खाडाखोड अशीच करून घ्यावी. पांढरी शाई लावलेला कागद पुढे कुणी मानत नाही.

आधी जखम, मग अर्ज

साबण लावून नळाच्या धारेखाली जखम १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. रेबीजची लस सरकारी आणि महापालिकेच्या दवाखान्यांत मोफत मिळते. कातडीत द्यायची लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी देतात (० म्हणजे पहिल्या डोसचा दिवस). दंडात द्यायची असेल तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. कातडी फाटून रक्त आलं असेल, तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) द्यावं लागतं. लसीसोबत तेही विचारून घ्या. कुत्रा ओळखीचा असेल तर त्याच्यावर १० दिवस नजर ठेवायची असते, पण त्यासाठी पहिलं इंजेक्शन लांबवायचं नाही. पुढचे डोस द्यायचे की थांबवायचे हे डॉक्टर ठरवतील.

प्रत्येक डोसची नोंद असलेलं कार्ड जपून ठेवा. तक्रारीला जोडायचा तो दुसरा कागद, पहिला केसपेपर.

पाळीव कुत्र्याची तक्रार पोलिसांत

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ इथे लागतं. (जुन्या दंड संहितेत ते २८९ होतं.) आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होण्याची शक्यता असताना, ती टाळण्यापुरती काळजी जाणूनबुजून किंवा हलगर्जीपणानं न घेणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांनी एफआयआर घ्यायला हवी, नुसती एनसी (अदखलपात्र नोंद) नव्हे. जखम झाली असेल तर कलम १२५ सुद्धा लागू शकतं, आणि जखम गंभीर असेल तर त्याखालची शिक्षा तीन वर्षांपर्यंत जाते.

कलमाच्या भाषेतल्या दोन गोष्टी लक्षात घ्या. कायदा ‘ताब्यातला’ प्राणी म्हणतो, त्यामुळे कुत्रा फिरवायला ठेवलेला पोरगा, सुट्टीत सांभाळायला घेतलेले नातेवाईक, कुणाच्याही हाती तो त्या वेळी असू शकतो. आणि कायदा ‘शक्यता’ म्हणतो, त्यामुळे कुत्रा चावेपर्यंत थांबायची गरज नाही. दोनदा अंगावर धावून आला आणि मालकानं साखळी लावली नाही, एवढ्यावरही तक्रार देता येते. बहुतेक जण चावल्यावरच ठाण्यात जातात आणि मग मालक म्हणतो, आजवर कधी कुणाला काही केलं नाही हो! आधीची एक लेखी तक्रार असेल तर हे वाक्य टिकत नाही.

तक्रार कोण देऊ शकतो? जखमी माणूस, लहान मूल असेल तर आईवडील, डोळ्यांनी पाहणारा शेजारी किंवा सोसायटीचे पदाधिकारी. तुम्ही त्या इमारतीत राहता की भाडेकरू आहात की कामाला येता, यानं काही फरक पडत नाही. आमच्या पेपरवाल्याला ‘तू बाहेरचा’ म्हणून परतवायचा प्रयत्न झाला, तो निव्वळ बेकायदा होता.

सोबत न्यायचे कागद:
– आधार किंवा इतर ओळखपत्राची प्रत
– केसपेपर आणि लसीचं कार्ड
– जखमेचे फोटो, शक्य तर त्याच दिवशीचे
– लिफ्ट, जिना किंवा गेटवरच्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण
– साक्षीदारांची नावं आणि फोन नंबर
– सोसायटीला किंवा मालकाला आधी दिलेली पत्रं, मेसेज

कॅमेऱ्याचं चित्रीकरण बऱ्याच सोसायट्यांत काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. त्याच दिवशी सचिवाला लेखी पत्र देऊन प्रत राखून ठेवायला सांगा. मी स्वतः सचिव असून हे तिसऱ्या दिवशी आठवलं, तोवर निम्मं गेलं होतं.

जखम असेल तर ठाण्यातून ‘मेडिकल यादी’, म्हणजे तपासणीसाठी रुग्णालयाला लिहिलेलं पत्र, देतात. ती घेऊन सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्यायची असते. आधी उपचार झाले असले तरी यादी घ्या.

अर्ज लांबलचक लिहू नका. एवढं पुरतं: ‘दिनांक …, सकाळी … वाजता, … इमारतीच्या पहिल्या मजल्यावर श्री./श्रीमती … यांच्या ताब्यातील … जातीचा, … रंगाचा कुत्रा साखळीविना बाहेर आला आणि माझ्या उजव्या पोटरीस चावला. यापूर्वी दि. … रोजी हाच कुत्रा … यांच्या अंगावर धावून गेला होता व त्याची माहिती मालकांना दिली होती. भारतीय न्याय संहिता कलम २९१ व १२५ नुसार गुन्हा नोंदवावा ही विनंती.’ कुत्रा किती वाईट, मालक किती उर्मट, हे लिहिण्यापेक्षा तारीख, वेळ, जागा लिहा. साखळी होती की नव्हती हे मात्र विसरू नका, सगळं प्रकरण त्यावर उभं राहतं.

एफआयआरची प्रत मोफत मिळते. ठाण्यात घेतच नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांना पाठवा. आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस उपायुक्तांना. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. स्पीड पोस्टाची पावती सांभाळा.

शिक्षा खरंच होते का? होते, पण सवडीनं. मुंबईत नेपियन सी रोडवर २०१० साली एका रॉटवायलरनं वृद्ध नातेवाइकाला चावा घेतला, त्या मालकाला तीन महिन्यांची कैद झाली ती जानेवारी २०२३ मध्ये. वरळीतल्या एका इमारतीच्या लिफ्टमध्ये २०१८ साली पाळीव कुत्रा चावला, त्यात मे २०२५ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली. उपचाराचा खर्च आणि बुडालेली मजुरी मागायची तर दिवाणी दावा वेगळा लावावा लागतो. म्हणून औषधांची बिलं फेकू नका. व्हॉट्सॲपवर फिरणारं ‘दाताच्या प्रत्येक खुणेला दहा हजार’ हे २०२३ च्या पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाच्या निकालातलं आहे. तो निकाल पंजाब, हरियाणा आणि चंदीगडपुरता आहे, त्याच्या जोरावर इथे दर लावता येत नाही.

प्रांताकडचा अर्ज

हा मार्ग फारसा कुणाला माहीत नसतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १३३) सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा सशर्त आदेश कार्यकारी दंडाधिकारी काढू शकतात आणि त्यात धोकादायक प्राण्याला बांधून ठेवण्याचा किंवा त्याची अन्य व्यवस्था करण्याचा आदेशही येतो. अर्ज उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे प्रांत कार्यालयात करायचा. वारंवार घडणाऱ्या प्रकारासाठी तो उपयोगी. एकाच घटनेवर जाऊ नका. तीन-चार घटनांच्या तारखा, वेगवेगळ्या घरांतल्या लोकांच्या सह्या आणि पोलिसांकडच्या तक्रारींच्या पोचपावत्या जोडा. मालकाला नोटीस जाते, त्याला बाजू मांडायची संधी मिळते, मग आदेश.

मालकांसाठी: परवाना

कुत्रा पाळणाऱ्यांनो, हे तुमच्याच सोयीचं आहे. प्राणी जनन नियंत्रण नियम, २०२३ (१० मार्च २०२३ पासून) पाळीव कुत्र्याचं लसीकरण, निर्बीजीकरण आणि परवाना ही मालकाची जबाबदारी ठरवतात. मुंबई, पुणे अशा मोठ्या महापालिकांत श्वान परवाना आरोग्य किंवा पशुवैद्यकीय विभागाकडून मिळतो. अर्ज वेबसाइटवरून किंवा वॉर्ड ऑफिसमधून करता येतो.

बहुतेक ठिकाणी लागतं ते एवढंच: मालकाचं ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा (वीजबिल, मालमत्ता कराची पावती किंवा भाडेकरार), कुत्र्याचा फोटो आणि रेबीज लसीचा दाखला. निर्बीजीकरण केलेलं असेल तर त्याचंही प्रमाणपत्र. शुल्क प्रत्येक महापालिका आपल्या ठरावानं ठरवते. परवाना ठरावीक मुदतीचा असतो, नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. पिल्लाला रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांनंतर देतात, म्हणून अर्ज त्यानंतरच होतो. लसीच्या वहीत बाटलीचं स्टिकर चिकटवलेलं असतं, त्यावरचा बॅच नंबर आणि डॉक्टरांची सही दिसेल अशीच प्रत काढा. अंधुक प्रत हे अर्ज परत येण्याचं हमखास कारण.

परवाना असला म्हणून चावल्याची जबाबदारी टळत नाही. पण चावल्यावर पहिला प्रश्न ‘लस झाली होती का’ हाच असतो, आणि तेव्हा वही शोधत बसण्यापेक्षा परवाना दाखवणं बरं. आमच्या पहिल्या मजल्यावरच्या त्या कुत्र्याची वही होती, पण तिच्यात दोन वर्षं नवं स्टिकर नव्हतं. त्या मुलाच्या आईचा चेहरा तो कागद बघताना कसा झाला, ते मला अजून आठवतं.

आणि जातीवरून भांडू नका. मार्च २०२४ मध्ये केंद्रानं पिटबुल, रॉटवायलर वगैरे २३ जातींवर बंदी आणायचं पत्र राज्यांना पाठवलं होतं, ते एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं रद्द केलं. तक्रारीत जात ओळख पटवण्यापुरती लिहा. खटला चालतो तो निष्काळजीपणावर.

सोसायटीलाही मर्यादा आहेत. कुत्रा पाळायला सरसकट बंदीचा ठराव टिकत नाही, आणि कुत्र्यांना लिफ्ट बंद करण्याचाही नाही. हे प्राणी कल्याण मंडळाच्या सूचनांतच आहे. पण सामाईक जागेत साखळी, घाण उचलणं, लस झाल्याचा दाखला सोसायटीत देणं, एवढं मागायला कुणाची हरकत नसावी. आमच्या सभेत या तीन वाक्यांवर दीड तास गेला, त्यातला एक तास ‘घाण’ या शब्दावर.

भटका कुत्रा असेल तर

मुंबईत १९१६ वर, इतरत्र महापालिकेच्या ॲपवर किंवा वॉर्ड ऑफिसात तक्रार नोंदवा. गावात ग्रामपंचायतीत अर्ज द्या. तक्रार क्रमांक लिहून ठेवा. २०२३ च्या नियमांनुसार कुत्र्याला पकडून, निर्बीजीकरण आणि लस करून मूळ जागीच सोडायचं असतं, म्हणून ‘कुत्रा परत आला’ ही तक्रार करून काही होत नाही.

अपवाद कुठे आहे ते सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात आहे: रेबीज झालेला, रेबीजचा संशय असलेला किंवा आक्रमक वागणारा कुत्रा परत सोडायचा नाही. त्यामुळे ‘कुत्र्यांचा फार त्रास आहे’ असा अर्ज एका बाजूला पडतो, आणि ‘पांढऱ्या-तपकिरी, डाव्या कानाला खाच असलेल्या कुत्र्यानं दि. … आणि दि. … रोजी … समोर तिघांना चावा घेतला, केसपेपर जोडले आहेत’ हा अर्ज पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना काहीतरी करायला लावतो. कानाची खाच लिहा, ती निर्बीजीकरणाची खूण असते. त्याच आदेशात खायला घालायच्या जागा महापालिकांनी ठरवून द्यायच्या आहेत आणि रस्त्यावर कुठेही खायला घालायला मनाई आहे. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशानं शाळा-कॉलेज, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन या आवारांतले कुत्रे हलवून परत तिथे न सोडण्याचं सांगितलं. अशा ठिकाणचा अर्ज संस्थेच्या प्रमुखांच्या सहीनं द्या.

स्वतः पकडून दुसऱ्या वस्तीत सोडणं, विष घालणं, काठीनं जायबंदी करणं यांच्या फंदात पडू नका. प्राण्याला मारणं किंवा अपंग करणं हा न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे. तक्रारदारच आरोपी झाला की मूळ प्रश्नाकडे कुणी बघत नाही.

महिना झाला तरी हालचाल नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. प्रश्न तीनच विचारा: माझ्या तक्रार क्रमांकावर कोणत्या तारखेला कोणी पाहणी केली, कुत्रा पकडला का, पकडला असल्यास लस आणि शस्त्रक्रियेची नोंद द्यावी.