८२ गुण, तरी नुसतं ‘पास’

रविवारी शेजारची नववीतली मुलगी लॅपटॉप घेऊन आमच्या ढोकाळीच्या घरी आली. “काका, ८२ घातले तरी हा नुसतं पासच म्हणतोय. बिघडलाय का?”

पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेतला स्वाध्याय साधाच होता: गुण घ्यायचे, श्रेणी छापायची. दहावीचे आकडे आपल्याला पाठच असतात. ३५ ला पास, ४५ ला द्वितीय श्रेणी, ६० ला प्रथम, ७५ पासून विशेष प्राविण्य. तिने त्याच क्रमाने लिहिलं होतं. आधी ‘इफ’ला (‘जर’) ३५, मग ‘एलिफ’ (‘नाहीतर, जर’) लावत ४५, ६०, ७५. यंत्र वरून खाली वाचतं. ८२ हे ३५ पेक्षा जास्त आहेतच, त्यामुळे पहिलीच अट खरी ठरली, ‘पास’ छापलं गेलं आणि खालच्या एलिफांकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. मग तिने चार सुटे इफ लिहिले, तर एकाच मुलाला चारही श्रेण्या मिळाल्या! राशिभविष्याच्या ॲपमध्येही अशीच बारा एलिफांची रांग असली तर नवल नाही. तिथे उत्तर चुकलं तरी कोणी काकांकडे येत नाही, इतकंच.

खरी गंमत अटीच्या पोटात आहे. प्रोसेसर शेवटी ८२ मधून ३५ वजा करतो, उत्तर ऋण आलं का याची एका बिटात (शून्य किंवा एक) नोंद करतो आणि तो बिट पाहून पुढची सूचना कुठून उचलायची ते ठरवतो. जर्मन अभियंता कोनराड झूजच्या १९४१ च्या झेड३ या संगणकात अट पाहून दुसऱ्या सूचनेवर जाण्याची ही उडीच नव्हती. पट्टीवर भोकं पाडून लिहिलेल्या सूचना ओळीने चालायच्या.

आजचा प्रोसेसर एक सूचना पुरी व्हायच्या आत पुढच्या कितीतरी हातात घेतो. मध्येच अट आली की पंचाईत. ठाण्याहून सुटलेली ट्रान्सहार्बर लोकल घ्या. तुर्भ्यानंतर फाटा: एकीकडे सानपाडा-वाशी, दुसरीकडे जुईनगर-पनवेल. गाडी कुठली ते फाट्यावरच कळणार असेल, तर तिला थांबवून मागच्या गाड्या घणसोलीपर्यंत तुंबवायच्या का? प्रोसेसर थांबत नाही, अंदाज बांधतो. आधीच्या गाड्या पनवेलला गेल्या, म्हणजे हीही पनवेलची. अंदाज बरोबर निघाला तर फुकटात काम झालं. चुकला तर केलेलं टाकून परत फाट्यावर, आणि क्लॉकचे (प्रोसेसरच्या घड्याळाचे) साधारण १० ते २० ठोके वाया.

म्हणूनच सी भाषेत लाखभर गुणांतून ‘६० च्या वर किती’ हे मोजताना आकडे आधीच चढत्या क्रमाने लावलेले असले, तर मोजणी पुष्कळदा झपाट्याने उरकते (कंपायलरने, म्हणजे आपला प्रोग्राम प्रोसेसरच्या सूचनांत उतरवणाऱ्या प्रोग्रामने, ती उडीच काढून टाकली नसेल तर). आधी सलग ‘नाही’, मग सलग ‘हो’. अंदाज फसायची जागा जवळजवळ एकच. चुकलेल्या अंदाजापायी टाकून दिलेल्या कामाचे ठसे मात्र कॅशमध्ये (प्रोसेसरजवळच्या छोट्या, झटपट स्मृतीत) उरतात. २०१८ मध्ये जाहीर झालेली ‘स्पेक्टर’ ही सुरक्षेतली त्रुटी त्यातलीच: त्या ठशांवरून गुप्त माहिती ओळखता येते.

एवढं होईतो मुलीला जांभई आली होती. तिने ७५ वर नेले, ३५ खाली आणले, ८२ ला विशेष प्राविण्य मिळालं. मी म्हटलं, आता बरोब्बर ३५ घाल. ‘नापास’! अटी वरखाली करताना ‘>=’ (‘जास्त किंवा तेवढेच’) मधला ‘=’ गळला होता.